मदत हवी आहे: मुलाच्या अपेंडिक्सच्या बायोप्सीत 'झॅन्थोग्रॅन्युलोमॅटस' आलंय

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे, रामबागेत राहतो. मुलगा नऊ वर्षांचा. आधीचं सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही, म्हणून थोडं लांबण लावते.

गणपतीत त्याचं पोट दुखायला लागलं. आधी बेंबीपाशी, मग उजवीकडे खाली. आदल्या रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस चापला होता, म्हणून सासूबाईंनी ओवा-हिंग दिलं. जवळच्या डॉक्टरांनीही गॅस म्हणून तीन दिवस गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी १०२ ताप, आणि पोरगं पोट धरून वाकून चालायला लागलं. सर्जननी त्याला एका पायावर उडी मारायला सांगितली. एरवी सोफ्यावरून उड्या मारणारा हा, जागचा हलला नाही.

सोनोग्राफीत अपेंडिक्सभोवती गोळा निघाला, आतडी त्याला चिकटलेली. आत्ता सोडवायला गेलं तर आतड्याला इजा होईल, आधी सलाईनमधून अँटिबायोटिक देऊ, सूज उतरू दे, मग सहा ते आठ आठवड्यांनी अपेंडिक्स काढू, असं ठरलं. दिवाळीनंतर दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, तिसऱ्या दिवशी घरी. आता शाळेत जातो, पोहे-जिलबी मागतो.

आणि काल रिपोर्ट आला. 'फोमी हिस्टिओसाइट्स, जायंट सेल्स, झॅन्थोग्रॅन्युलोमॅटस अपेंडिसायटिस. झेडएन स्टेन (टीबीचे जंतू दाखवणारा रंग) निगेटिव्ह. मॅलिग्नन्सी (कॅन्सर) नाही.' सर्जन सोमवारपर्यंत बाहेरगावी. एका नातेवाइकांनी ऐकल्या ऐकल्या 'ग्रॅन्युलोमा म्हणजे टीबीच, सहा महिन्यांचा कोर्स सुरू करा' असं सांगून टाकलं. दुसऱ्यांनी क्रोन्स (आतड्याच्या रेंगाळणाऱ्या सुजेचा आजार) म्हणून कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, सुचवली. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. कुणाच्या मुलाला असं आलं होतं का? आणि हे आम्ही उशीर केल्यामुळे झालं का? खरं सांगा.

प्रतिसाद १ (मुलांची सर्जन, बडोदा)
ताई, नाव भीतीदायक आहे, प्रकार तसा नाही. झॅन्थो म्हणजे ग्रीकमध्ये पिवळा. सूज आठवडे-महिने रेंगाळली की मेलेल्या पेशींची चरबी गिळून साफसफाईच्या पेशी फुगतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या फेसाळ दिसतात, म्हणून 'फोमी'. तुम्ही इंदूरच्या, तेव्हा कचरागाड्या भरून उभ्या आहेत असं समजा. हा प्रकार मूत्रपिंडात आणि पित्ताशयात जास्त माहीत आहे, अपेंडिक्समध्ये क्वचित. पण आठवडे थांबून काढलेल्या अपेंडिक्समध्ये तो, किंवा नुसते ग्रॅन्युलोमा (अशा पेशींच्या बारीक गाठी), लगेच काढलेल्यापेक्षा जास्त सापडतात. पहिल्याच दिवशी काढलं तर या पेशी जमायला वेळच मिळत नाही.

उशिराचे दोन हिशोब वेगळे ठेवा. गोळा झाला तो पहिल्या तीन-चार दिवसांत. लहान मुलांमध्ये निदान असं निसटतं, फार वेळा निसटतं. नंतरचे आठ आठवडे मात्र जाणूनबुजून घेतलेले आहेत, आणि फेसाळ पेशी बहुधा त्यांच्याच. ते थांबणं चूक नव्हतं.

टीबीची औषधं अंदाजाने सुरू करू नका. झेडएन निगेटिव्ह आलं म्हणजे टीबी शंभर टक्के नाही असंही नाही, कारण त्यात जंतू दिसायला बरेच असावे लागतात. म्हणून सर्जनना विचारा: 'केसिएशन' (गाठीच्या मध्यभागी चीजसारखा मेलेला भाग, टीबीत दिसतो तसा) आहे का? घरात कुणाला जुना खोकला किंवा टीबी आहे का, मुलाचं वजन घटतंय का, संध्याकाळी ताप येतो का, हे तुम्ही सांगा. शंका राहिलीच तर छातीचा एक्स-रे आणि बाकी तपासण्या ते ठरवतील. क्रोन्सचंही तसंच. महिनोन्महिने जुलाब, शौचातून रक्त, तोंडात वारंवार फोड, गुदाशी भगेंद्र, उंची खुंटणं, यातलं काही असेल तरच पुढे जा. नुसत्या या रिपोर्टावर मुलाला कोलोनोस्कोपीला नेऊ नये असं माझं मत.

प्रतिसाद २ (ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून)
आमच्या भाचीच्या रिपोर्टात 'ग्रॅन्युलोमॅटस' होतं. आम्ही लॅबकडून स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक (ज्यात काढलेला तुकडा जपून ठेवतात) मागून घेतले आणि दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवले. मागितले की देतात, लाजू नका. शस्त्रक्रियेच्या तारखा, आधीची सोनोग्राफी, डिस्चार्ज कार्ड सोबत द्या. मध्ये आठ आठवडे गेलेत हे त्यांना माहीत नसेल तर तेही टीबीपाशीच अडकतात.

धागाकर्ती
दोघांचे आभार. लॅबच्या फॉर्मवर पाहिलं, तिथे 'अपेंडिक्स' एवढंच लिहिलंय, गणपतीपासूनची हकीकत कुठेच नाही! सकाळी जाऊन ब्लॉक घेते. चिरंजीवांचा वेगळाच प्रश्न आहे: काढलेलं अपेंडिक्स बाटलीत घालून शाळेत न्यायला मिळेल का?