थर्मल कॅमेरा काचेतून का बघत नाही?

मित्राकडून दोन दिवसांसाठी थर्मल कॅमेरा आणलाय, फोनला लावायचा छोटावाला. मिट्ट अंधारात मांजर पिवळीधमक दिसते, पण बंद खिडकीतून बाहेरचं काहीच दिसेना, उलट काचेत माझंच भूत. आणि उकळत्या पाण्याचं स्टीलचं पातेलं ३८ डिग्री दाखवतोय! पीस खराब आहे का? मला तर वाटलेलं हा भिंतीपलीकडचंही बघतो.

प्रतिसाद १
पीस ठणठणीत आहे. प्रत्येक वस्तू आपापल्या तापमानानुसार इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारे किरण) सोडत असते, हा कॅमेरा त्यातला साधारण ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीचा पट्टा पकडतो. साध्या काचेतून तो जातच नाही, थोडा परत फिरतो, म्हणून तुझं भूत. याची लेन्स बघ, साध्या काचेची नसते, जर्मेनियम किंवा सिलिकॉनसारख्या पदार्थाची असते. आत बारीक बारीक ठिपके असतात, उष्णता पडली की त्यांचा रेझिस्टन्स बदलतो आणि त्यावरून चित्र तयार होतं. रंग सॉफ्टवेअरने भरलेले, खरे नव्हेत.

प्रतिसाद २
पातेल्याचा घोळ एमिसिव्हिटीचा, म्हणजे वस्तू स्वतः किती इन्फ्रारेड सोडते त्याचा. चकचकीत धातू स्वतः फार कमी इन्फ्रारेड सोडतो आणि आजूबाजूचं परावर्तित करतो, त्यामुळे कॅमेरा पातेल्याचं कमी आणि खोलीचंच जास्त वाचतो. बाहेरून काळी इन्सुलेशन टेप चिकटव (तिची एमिसिव्हिटी जास्त असते) आणि टेपवर रीडिंग घे. मी इलेक्ट्रिकल पॅनल तपासतो, तिथेही उघड्या तांब्याच्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही, तिन्ही फेज एकमेकांशी ताडून बघतो, सारख्या लोडवर एकच जॉइंट जास्त तापलेला दिसला की तिथे कनेक्शन लूज असण्याची शक्यता मोठी. लोड चालू नसेल तर मात्र सगळं गारच दिसणार, मग काय उपयोग.

प्रतिसाद ३
भिंतीपलीकडचं विसरा, दिसतो तो फक्त पृष्ठभाग. ओल असेल तर बाष्पीभवनाने भिंत तेवढी गार होते आणि निळा डाग दिसतो, पण गार हवेच्या झोताने पण अगदी तस्साच डाग येतो, म्हणून मॉइश्चर मीटर लावल्याशिवाय फोडाफोडी करू नका (मी केलीय, आत कोरडी ठणठणीत भिंत). धुरातून मात्र बऱ्यापैकी दिसतं, अग्निशमनवाले त्यासाठीच वापरतात.

धागाकर्ता
टेप लावली, थेट ९४!! आणि मधेच टिक्क वाजून चित्र थांबतं ते काय?

प्रतिसाद १
शटर. सेन्सरसमोर क्षणभर आडवं येतं, सगळे ठिपके एकसारखं वाचतायत ना ते जुळवून घ्यायला.