चारशे ग्रॅमचा तंबू

शनिवार

सुधाकाकू, ७:०४
सगळ्यांना सुप्रभात. हा विषय ग्रुपवर काढणार नव्हते, पण घरात कुणी ऐकून घेत नाही. चिऊनं तंबू पसंत केलाय. वजन म्हणे ४०० ग्रॅम. माझा शालू याहून जड आहे. त्यात ही पोरगी पाच महिने झोपणार. अमेरिकेतली ती पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल नावाची पायवाट चालायचीय तिला. मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडापर्यंत, ४,२६५ किलोमीटर, एकटी. हिच्या बाबांना विचारलं तर म्हणाले, तिला कळतं. मला कुणीतरी नीट सांगा, एवढा हलका तंबू टिकतो का?

सीमाआत्या, ७:०९
सुप्रभात 🙏 सुधा, काळजी करू नकोस. बाप्पा आहे.

अप्पाकाका, ७:१५
मी दिवाळीतच सांगितलं होतं. पुन्हा सांगतो. तंबू स्वतःच्या पायावर उभा राहणारा हवा. स्वतःचे पोल असलेला. हल्ली चालायच्या काठ्यांवर ताणतात तसले नकोत. त्यात सगळा भार खुंट्यांवर. वाऱ्यानं एक खुंटी सुटली की तंबू अंगावर. कोकणकड्याजवळच्या कातळात खुंटी ठोकून दाखवा मला.

नंदूदादा, ७:१८
अप्पाकाका, ती हरिश्चंद्रगडावर नाही चालली.

अप्पाकाका, ७:१९
वारा सगळीकडे वाराच असतो.

मिलिंद ठाणे, ७:२६
एवढी चर्चा कशाला? अप्पाकाकांचा जुना टेंट माळ्यावर आहेच की. पाठवून द्या कुरियरनं 😄

अप्पाकाका, ७:२७
आहे ना. कासहून आला तसाच आहे.

नंदूदादा, ७:२७
झालं सुरू.

अप्पाकाका, ७:३१
मी कुणाचंही नाव घेतलेलं नाही. एवढंच म्हणतो की ओला तंबू गुंडाळून पिशवीत भरायचा नसतो. उघडला तेव्हा बुरशीचा वास आणि आतून सगळा चिकट. चिकटलेल्या घड्या सोडवताना कापडावरचा थर हाताला आला.

वृषाली, ७:३६
अप्पाकाका, आम्ही तेव्हाच म्हटलं होतं की नवीन घेऊन देतो. तुम्हीच नको म्हणालात. आता दर वर्षी तोच विषय निघतो.

नंदूदादा, ७:४०
त्या टेंटवर आतून पॉलियुरेथेनचा थर होता. ओलीनं तो लवकर उलतो हे खरं, पण कोरडा ठेवला तरी काही वर्षांनी चिकट होतोच. कधीतरी जाणारच होता तो.

अप्पाकाका, ७:४१
जाणं वेगळं आणि घालवणं वेगळं.

सुधाकाकू, ७:४४
माझा प्रश्न तसाच राहिला. ४०० ग्रॅम. टिकतो का?

चिऊ, ७:५२
आई, तू हे ग्रुपवर टाकलंस? बरं. ते कापड डायनीमा नावाच्या मजबूत धाग्याचं असतं. शर्यतीच्या नौकांच्या शिडांसाठी निघालेलं. ताणत नाही, पाणी पीत नाही. नायलॉन भिजलं की सैल पडतं, मग मध्यरात्री पावसात बाहेर येऊन दोऱ्या ओढत बसा. हे संध्याकाळी ताणलं तसंच सकाळपर्यंत राहतं. आणि अप्पाकाका, चालायला दोन काठ्या मी घेणारच आहे. रात्री त्या नुसत्या पडून राहणार, तर त्यांच्यावरच तंबू उभा करायचा. वेगळे पोल कशाला वाहू?

अप्पाकाका, ७:५५
काठी मोडली तर?

चिऊ, ७:५६
तर दुसरी आहे. नाहीतर झाडाची फांदी. तंबूचा स्वतःचा पोल मोडला तर तुम्ही काय करता?

मिलिंद ठाणे, ७:५७
👏👏

अप्पाकाका, ७:५८
तू टाळ्या वाजवू नकोस.

सुधाकाकू, ८:०३
आणि अस्वलं? तिकडे अस्वलं आहेत म्हणे. ४०० ग्रॅमचं कापड अस्वलापुढे काय करणार?

चिऊ, ८:०७
आई, दोन किलोच्या तंबूनंही अस्वल अडत नाही. ते येतं खाण्याच्या वासानं. म्हणून खाणं तंबूत ठेवायचंच नाही. वाटेतल्या सिएरा नेवाडा डोंगरांच्या मोठ्या भागात घट्ट झाकणाचा कडक डबा सक्तीचा आहे. तो रात्री तंबूपासून लांब ठेवायचा. डबा एकटाच किलोभर भरतो, म्हणूनच बाकीचं वजन कमी करतेय.

सुधाकाकू, ८:०८
म्हणजे अस्वलं आहेत.

नंदूदादा, ८:२०
काकू, तंबू टिकतो. दरवर्षी लोक तेवढ्याच वजनाचे तंबू घेऊन ही वाट पुरी करतात. माझा आक्षेप वेगळा आहे. चिऊ, हा एकपदरी आहे ना? आतली जाळी वेगळी नाही, छत तेच आणि भिंतही तीच?

चिऊ, ८:२१
हो. कडेनं जाळी आहे, पण छत एकच.

नंदूदादा, ८:३०
मग ओलीचं काय? श्वासातली वाफ गार कापडावर धरते, पाऊस नसला तरी. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात काही वाटणार नाही, हवा कोरडी. पण तू सप्टेंबरात वॉशिंग्टन राज्यात असशील, तिथं पाऊस आणि धुकं. तुझी रजई पिसांची. पिसं भिजली की ऊब गेली. दुपदरी घे. बाहेरच्या पदरावर थेंब धरले तरी मध्ये जाळी असते. पॉलिएस्टरचा एक येतो, दोन काठ्यांवरचाच, जेमतेम ८०० ग्रॅम. किंमत निम्म्याहून कमी. पॉलिएस्टर नायलॉनइतकं सैलही पडत नाही.

चिऊ, ८:३३
दुप्पट वजन, दादा.

नंदूदादा, ८:३५
४०० ग्रॅमचा फरक. वाळवंटात ३० किलोमीटर पाणी नाही असे टप्पे आहेत, तिथं तू चार-पाच लिटर पाठीवर घेशील. अर्धा लिटरसुद्धा नाही हा फरक.

चिऊ, ८:३८
पाणी पिऊन संपतं. तंबू संपत नाही. आणि अशी प्रत्येक गोष्टीत सूट दिली की पाठीवर पुन्हा पंधरा किलो होतात. खाणं, पाणी आणि इंधन सोडून साडेचार किलोच्या आत राहायचं ठरवलंय. गुडघे माझे आहेत.

अप्पाकाका, ८:४०
स्वतःच्या पायावर उभा राहणारा. वजन फार तर किलोभर. मी शेवटचं सांगतो.

वृषाली, ८:४१
तीनदा झालं शेवटचं.

सीमाआत्या, ९:१५
आई विचारतेय काय चाललंय. वाचून दाखवते.

नंदूदादा, ९:२४
आजीला ही गोष्टही वाचून दाखव, आत्या. अमेरिकेत एमा गेटवूड नावाच्या आजी होत्या. अकरा मुलांची आई. १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, ॲपलाचियन ट्रेल एकट्या चालल्या. जॉर्जियापासून मेनपर्यंत, तीन हजारांवर किलोमीटर. एका हंगामात ती वाट एकटीनं पुरी करणाऱ्या पहिल्या बाई. तंबू नव्हताच. पायात कापडी बूट, खांद्यावर स्वतः शिवलेली पिशवी आणि पावसासाठी न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा. मुलांना सांगितलं, फिरायला जाते.

सीमाआत्या, ९:३१
आई म्हणते, मुलांना नीट सांगितलं नाही हे चुकलं. चिऊ निदान सांगून चाललीय. आणि म्हणते, पोरीला ओलं झोपायला लागू नये, बाकी काही का असेना.

सुधाकाकू, ९:३३
आईंना नमस्कार सांगा. मी हेच सकाळपासून म्हणतेय.

मिलिंद ठाणे, ९:३४
काकू, तुम्ही ४०० ग्रॅम म्हणत होतात.

सुधाकाकू, ९:३६
मिलिंद, तुझ्या मुलीची वेळ येईल तेव्हा मी पण असेच इमोजी टाकेन.

वृषाली, ९:३७
काकू, त्याचं मनावर घेऊ नका. मी बोलते त्याच्याशी.

चिऊ, ९:४५
ऐका. मैत्रिणीकडे तसलाच एकपदरी तंबू आहे. आज रात्री मागच्या गवतात लावून झोपते. इथं सिएटलला पाऊस भुरभुरतोच आहे. उद्या सांगते. तोवर भांडू नका.

(रात्री)

चिऊ, २१:१०
उठले. आत्ता इथं सकाळचे साडेसात. पाऊस आत एक थेंबही आला नाही. शिवणी कोरड्या, कापड कालच्यासारखं ताठ. पण नंदूदादा, छताला आतून मोत्यांसारखे थेंब लागले होते, नुसत्या श्वासाचे. बसायला उठले तर डोकं टेकलं आणि केस भिजले. तळवे ताणले की पायाकडची बाजू कापडाला लागत होती, तिथं रजई वितभर ओली. एका रात्रीत. हीटर लावून वाळवतेय. तिकडे वाळवायला दुपारचं ऊन मिळालं तर मिळालं.

नंदूदादा, २१:१४
तुझी उंची पाच फूट आठ. रजईत शिरल्यावर फुगवट्यासकट आणखी जागा लागते. तंबूची छापलेली लांबी बघू नकोस, तोंड आणि पाय या दोन्ही टोकांशी छत किती वर आहे ते बघ. एकटीच्या तंबूत तिथंच मार बसतो.

चिऊ, २१:२२
बघितलं. दुपदरीत दोन्ही काठ्या तिरक्या कोपऱ्यांशी येतात, त्यामुळे डोक्याशी आणि पायाशी छत उंच राहतं. बाहेरचा पदर आधी लागतो, म्हणजे पावसातसुद्धा आतली जाळी कोरडीच टांगता येते. तोच घेते. ४०० ग्रॅम दुसरीकडून काढेन. जास्तीचं जाकीट नेत नाही.

सुधाकाकू, २१:२३
जाकीट ने.

अप्पाकाका, २१:३०
ठीक. काठ्यांवरचाच घेणार असशील तर निदान खुंट्यांचं ऐक. वाळूत बारीक तार चालत नाही, रुंद पात्याच्या घे. चार कोपऱ्यांना चांगल्या, दोन जास्तीच्या. आणि कातळावर खुंटी गेली नाही तर ठोकत बसू नकोस. दोरीच्या फासात खुंटी आडवी घाल, ती मोठ्या दगडाच्या बाहेरच्या अंगाला टेकव, म्हणजे वारा ओढेल तशी दगडावर घट्ट बसते. दगड जड बघ, दोन्ही हातांनी उचलावा लागेल असा. आम्ही गडावर असंच करायचो.

चिऊ, २१:३३
अप्पाकाका, याचं चित्र काढून पाठवाल?

अप्पाकाका, २१:३४
पाठवतो. सकाळी कागदावर काढतो.

मिलिंद ठाणे, २१:४०
अप्पाकाका, रविवारी येतो तुमच्याकडे. तो माळ्यावरचा टेंट खाली काढू. पोल चांगले असतील तर नुसतं कापड शिवून घेता येईल. माझ्या ओळखीत एक जण सॅक शिवतो.

अप्पाकाका, २१:४६
ये. वृषालीला घेऊन ये. जेवायलाच या.

सुधाकाकू, २१:४८
चिऊ, तंबू आला की व्हिडिओवर उभारून दाखव. आपल्याकडचे सकाळी साडेसात. मी बघेन, मग ठरवेन.

चिऊ, २१:४९
म्हणजे माझे संध्याकाळचे सहा. चालेल, आई.

अप्पाकाका, २१:५०
मलाही घ्या कॉलवर. दोऱ्यांचा ताण बघायचाय.