फर्स्ट इयरला इंटर्नशिपच्या मागे पळायचं की आधी स्कॉलरशिप पदरात पाडायची? नाशिककरांनो मत सांगा

गोदाकाठची:
मी नाशिकमध्येच एफवायच्या वर्गांना शिकवते. ॲडमिशन होऊन महिना झाला नाही तोवर पोरं विचारायला येतात, मॅडम इंटर्नशिप कुठे मिळेल, रिझ्युमेत काय टाकू. आणि त्याच पोरांना विचारलं महाडीबीटीचा (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा) फॉर्म भरला का, की निम्मी गप्प. वर्गात एक मुलगी आहे सुरगाण्याकडची, वडील सीझनला दिंडोरी भागात द्राक्षबागेत कामाला जातात, तिने कुठल्याशा ऑनलाइन कंपनीला इंटर्नशिपची रजिस्ट्रेशन फी म्हणून दीड हजार रुपये भरले. मिळालं काय, तर व्हॉट्सॲप ग्रुपवर चार पीडीएफ आणि एक सर्टिफिकेट, त्यावर तिच्या आडनावाचं स्पेलिंगसुद्धा चुकलेलं. आणि इकडे तिचा स्कॉलरशिपचा फॉर्म उत्पन्नाचा दाखला जुना जोडला म्हणून परत आलेला, तो तिने लॉगिन करून बघितलासुद्धा नव्हता.

माझं मत स्पष्ट आहे, पहिल्या वर्षी इंटर्नशिपचा विषयच नको. इंटर्नशिप सेकंड इयरला मिळते, थर्ड इयरला तर आणखी चांगली मिळते. पण काही स्कॉलरशिपचं दार फक्त पहिल्या वर्षीच उघडतं. केंद्राची सेंट्रल सेक्टर स्कॉलरशिप घ्या, बारावीला बोर्डात वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असाल आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखाच्या आत असेल तर वर्षाला १२ हजार, नवीन अर्ज पहिल्या वर्षालाच. इंजिनिअरिंग डिग्री आणि डिप्लोमाच्या मुलींसाठी एआयसीटीईची (केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची) प्रगती स्कॉलरशिप, वर्षाला ५० हजार, ती पण पहिल्या वर्षी (डिप्लोमावरून डायरेक्ट सेकंड इयरला येणाऱ्यांना तेव्हा). रिलायन्स फाउंडेशनची तर फक्त फर्स्ट इयरसाठीच आहे, पूर्ण डिग्रीसाठी २ लाखापर्यंत, त्याला ऑनलाइन ॲप्टिट्यूड टेस्ट असते. ही संधी गेली की गेली.

अंबडवाला:
मॅडम आदर आहे तुमच्याबद्दल, पण अजिबात पटलं नाही. माझं अंबड एमआयडीसीत छोटं युनिट आहे, मशिनिंगचा जॉबवर्क करतो. माझ्याकडे फायनल इयर झालेली पोरं इंटरव्ह्यूला येतात, डिस्टिंक्शनवाली, आणि व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) हातात दिला तर मेन स्केल वाचून थांबतात, पुढची रेघ कुठे जुळते ते बघायचं असतं हेच माहीत नाही. ड्रॉइंगवर टॉलरन्स (मापात किती फरक चालेल) लिहिलाय तो कशासाठी हे सांगता येत नाही. याउलट जी पोरं पहिल्या वर्षाच्या सुट्टीत येऊन गेली त्यांना थर्ड इयरला काही सांगावं लागत नाही. स्कॉलरशिपने फी भरली जाईल हो, हाताला वळण कोण लावणार? सातपूर, अंबड, सिन्नर एवढा मोठा औद्योगिक पट्टा दाराशी असताना पोरं तीन वर्षं कॉलेज रोडवर फिरतात आणि मग पुण्याला जाऊन फ्रेशर म्हणून उभी राहतात. आणि पैसे घेऊन सर्टिफिकेट वाटणाऱ्यांना इंटर्नशिप म्हणूच नका, ती फसवणूक आहे, तिच्यामुळे खरी इंटर्नशिप वाईट कशी ठरते?

एसवाय_बीकॉम_निफाड:
अंबडवाले काकांशी सहमत. मी ओपनमधला, वडील कंपनीत परमनंट, ओव्हरटाइम धरून उत्पन्न ८ लाखाच्या किंचित वर जातं. म्हणजे राजर्षी शाहू शिष्यवृत्ती नाही, तशीही ती ८ लाखाच्या आतल्यांना आणि आमच्या कोर्सला निम्मी ट्यूशन फी पकडून हातात फार काही येत नव्हतंच. मग मी काय करायचं होतं? पहिल्या वर्षी एका टॅक्स कन्सल्टंटकडे संध्याकाळी जायला लागलो, सुरुवातीला नुसती बिलं तारखेप्रमाणे लावायची, मग टॅलीत एंट्री, मग जीएसटीचं खरेदीचं रजिस्टर पोर्टलशी टॅली करायचं, पार्टीने बिल दिलंय पण रिटर्नमध्ये दाखवलं नाही तर भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट अडकतं हे मला तिथे कळलं, कॉलेजात तो चॅप्टर अजून यायचाय. महिन्याला थोडे पैसे पण मिळतात. मॅडम तुम्ही सरसकट नको म्हणता ते आमच्यासारख्यांवर अन्याय आहे.

गोदाकाठची:
@एसवाय_बीकॉम तू संध्याकाळी जातोस, गावात ऑफिस आहे, घरचं जेवण आहे, तुझं कौतुकच आहे. मी बोलतेय ती पेठ, सुरगाणा, कळवणकडून येऊन रूम घेऊन राहणारी पोरं. त्यांचं सकाळचं कॉलेज, दुपारी प्रॅक्टिकल, त्यात इंटर्नशिप घातली की पहिल्यांदा उडते ती हजेरी. आणि हजेरी कमी, नाहीतर सेमला विषय राहिले, की पुढच्या वर्षी स्कॉलरशिप रिन्यू होताना अडचण. एकदा साखळी तुटली की अशी पोरं शिक्षण सोडून गावी जातात, हे मी बघितलंय. अंबडवाले दादा, तुम्ही सुट्टीतलं बोलताय, ते वेगळं.

नवा_मेंबर_सिडको:
सरकारची पीएम इंटर्नशिप आहे ना? महिन्याला स्टायपेंड मिळतो, मोठ्या कंपन्यात. फर्स्ट इयरच्या पोरांनी तिथेच अर्ज करावा, वादच मिटला.

सेतूवाला_दादा:
@नवा_मेंबर नाही भाऊ, ही गैरसमजूत रोज ऐकतो. पीएम इंटर्नशिप २०२४ ला आली तेव्हा अट होती वय २१ ते २४ आणि फुलटाइम शिक्षण चालू नको. फर्स्ट इयरचं पोरगं १८ वर्षाचं, तेव्हा दोन्हीकडून बाद. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, बारावीवाल्याला ६ हजार, डिप्लोमाला ८, पदवीला १०, ती पण शिक्षण चालू असणाऱ्यांना नाही. सायबरवाला फॉर्म भरून देतो, शंभर रुपये घेतो, पोरगं वाट बघत बसतं.

आता मूळ विषयावर. मी आपले सरकार केंद्र चालवतो, मॅडमचं बरोबर आहे पण अर्धंच. पोरांची चूक असते, मान्य. दाखल्यावर ३१ मार्चपर्यंत वैध असं लिहिलेलं असतं ते कोणी वाचत नाही. आधार लिंकिंगचा घोळ तर विचारूच नका. पोरगं पासबुक दाखवतं, म्हणतं खातं आहे ना, अरे पण डीबीटीचे (सरकारकडून थेट खात्यात येणारे) पैसे पासबुकावर नाही, आधार शेवटी ज्या बँकेला सीड झालं, म्हणजे जोडलं गेलं, तिथे जातात. सिमकार्ड घेताना कोणीतरी पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलेलं असतं, पैसे तिथे जाऊन पडतात आणि घरचे म्हणतात आलेच नाहीत. आधी आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस बघा, दोन मिनिटाचं काम आहे. पण कॉलेजांचं काय? फॉर्म कॉलेजच्या लॉगिनला पडून राहतो, क्लार्क एकच, त्याच्याकडे परीक्षेचं काम, ॲडमिशनचं काम आणि हे पण. पोरांना लेक्चर द्यायच्या आधी प्रत्येक कॉलेजने पहिल्या पंधरवड्यात वर्गात बसवून फॉर्म भरून घेतले पाहिजेत.

आणि मॅडम एक राहिलं तुमच्या लिहिण्यात, सेंट्रल सेक्टर घेतली की राज्याची दुसरी शिष्यवृत्ती घेता येत नाही. ज्या पोराला महाडीबीटीतून पूर्ण फी मिळते त्याने १२ हजारासाठी ती सोडू नये. आधी हिशोब मांडा मग अर्ज करा.

कळवणकर_बाप:
तुमची सगळ्यांची चर्चा वाचली. माझा मुलगा फर्स्ट इयरला आहे, आम्ही आदिवासी, फॉर्म वेळेत भरला, कागद सगळे बरोबर. होस्टेलला नंबर लागला नाही, स्वयम् योजनेत अर्ज केलाय, एससीच्या पोरांना स्वाधार आहे तसंच ते. नाशिकसारख्या शहराला वर्षाचे ५१ हजार कागदावर, जेवण राहणं धरून. पण रूमवाल्याला पैसे दर महिन्याच्या पाच तारखेला लागतात आणि योजनेचा हप्ता कधी येतो ते वर्ष संपत आल्यावर कळतं. मेसचे पैसे थकले तर मेसवाला डबा बंद करतो. मग मुलगा संध्याकाळी दुकानात बसतो. त्याला तुम्ही इंटर्नशिप म्हणा की काही म्हणा, त्याला नको कसं म्हणू? कमवा आणि शिका कॉलेजात आहे पण जागा थोड्या, तास थोडे.

गोदाकाठची:
दादा तुमचं म्हणणं अगदी रास्त आहे. हप्ता उशिरा येतो हा सगळ्यात मोठा दोष आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. जेवणाचे पैसे वर्षाच्या शेवटी देऊन काय उपयोग, पोरगं जेवतं रोज. पण तुमच्या मुलाचं काम हे पोटासाठीचं काम आहे, माझा राग आहे तो रिझ्युमेच्या नावाखाली गरीब पोरांकडून पैसे काढणाऱ्यांवर आणि कॉलेजं स्वतः त्यांची पोस्टरं लावतात त्यावर. कमवा आणि शिकाचे तास वाढवा ही मागणी मी स्टाफ मीटिंगमध्ये करत आलेय, यापुढेही करणार.

डिप्लोमा_ताई:
मुलींचं पण बोला कोणीतरी. ८ जुलै २०२४ चा जीआर आहे, ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सला ८ लाखाच्या आत उत्पन्न असेल तर ट्यूशन आणि परीक्षा फी १०० टक्के माफ. माझ्या धाकट्या बहिणीला एका कॉलेजने ॲडमिशनच्या वेळी पूर्ण फी भरा, परतावा आला की देऊ असं सांगितलं. वडिलांनी सोसायटीतून उचल घेतली. मी जीआरची प्रिंट घेऊन गेले, प्राचार्यांना भेटले, तेव्हा फक्त डेव्हलपमेंट फी घेऊन थांबले. कागद हातात असेल तर समोरचा नीट बोलतो, एवढं प्रत्येक पालकाला माहीत पाहिजे. माझ्या मते फर्स्ट इयरला पोरींनी आधी हे जीआर वाचावे. इंटर्नशिप मी तिसऱ्या सेमनंतर केली, काही बिघडलं नाही.

एसवाय_बीकॉम_निफाड:
पण एनईपीमध्ये (नवीन शैक्षणिक धोरणात) पहिल्या वर्षालाच इंटर्नशिप कंपल्सरी केलीय ना? आमच्या ज्युनिअर्सना तसं सांगितलंय कोणीतरी, म्हणून ते घाबरून वाटेल तिथे पैसे भरतायत.

गोदाकाठची:
नाही रे. पहिल्या वर्षानंतर शिक्षण थांबवून सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडायचं असेल तर जादा ४ क्रेडिटचा स्किल कोर्स किंवा इंटर्नशिप लागते. पुढे शिकणाऱ्याला पहिल्या वर्षी ती सक्ती नाही. हे तुझ्या ग्रुपवर टाक, माझं नाव न घेता टाकलं तरी चालेल.

अंबडवाला:
ठीक आहे, मी माझ्या मतावर ठाम आहे. पहिल्या वर्षीच शॉपफ्लोअर बघितला पाहिजे, हातात पाना धरला पाहिजे. पण मे महिन्यात परीक्षा संपल्यावर, हजेरी न बुडवता, आणि पोराकडून एक रुपया न घेता. माझ्याकडे दोघंतिघं सामावतात, सकाळची शिफ्ट, बसभाडं आणि जेवण माझं, स्टायपेंड जमेल तेवढा. शेजारच्या युनिटवाल्यांशी पण बोलतो. मॅडम तुमच्या वर्गातली सायन्सची पोरं चालतील, क्वालिटीला मोजमापाचं काम खूप असतं. त्या सुरगाण्याच्या मुलीला यायचं असेल तर तिलाही पाठवा, बाया आहेत आमच्याकडे इन्स्पेक्शनला.

गोदाकाठची:
विचारते तिला. आधी तिचा फॉर्म पुन्हा सबमिट करून घेते. @सेतूवाला_दादा नवीन उत्पन्नाच्या दाखल्याला काय काय लागेल? वडिलांकडे सातबारा नाही, मजुरी आहे.

सेतूवाला_दादा:
आधार, रेशनकार्ड, फोटो, स्वयंघोषणापत्र आणि तलाठ्याचा उत्पन्नाचा अहवाल. मजुरीवाल्यांना तलाठ्याचा अहवालच मुख्य. वडील शनिवार-रविवारी गावी जात असतील तर ते जमणार नाही, तलाठी भेटेल असा कामाचा दिवस धरायला सांगा. दाखला ऑनलाइन निघतो, प्रिंटवर वैधतेची तारीख बघूनच अपलोड करा आणि स्कॅन सरळ असू द्या, कोपरा कापलेला असला तरी परत येतो.