सोसायटीच्या गच्चीवर सामाईक भाजीबाग: भार आणि डासांचं काय?

प्रश्न: पुण्यात चार मजली इमारत. गच्चीवर सगळ्यांनी मिळून पालेभाज्या लावायच्या आहेत. ज्येष्ठांची हालचाल आणि गप्पा व्हाव्यात हा मुख्य हेतू. सभेत दोन हरकती आल्या: स्लॅबवरचा भार आणि डेंग्यू.

मातीवाला: लोकांचा वावर असलेली गच्ची साधारण चौरस मीटरला १५० किलोच्या हिशेबाने बांधतात. २० लिटरची पिशवी नुसत्या मातीने भरली आणि भिजली की ३० किलोच्या पुढे जाते. म्हणून निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा हलका भुसा), पाव शेणखत, पाव माती. कोकोपीट दोनदा धुवा, नाहीतर क्षाराने पानांच्या कडा करपतात. इमारत जुनी असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

हिरवी_मिरची: डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, अंड्यापासून साधारण आठ-दहा दिवसांत. दर रविवारी पिशव्यांखालच्या ताटल्या ओतून आतून घासा. अंडी कडेला चिकटतात आणि कोरडीही महिनोन्महिने टिकतात. खरं तर ताटल्या हव्यातच कशाला? पिशव्या विटांवर ठेवा.

मेथीची_जुडी: ज्येष्ठांसाठी वाफे ७०-७५ सेंटीमीटर उंच स्टँडवर. वाकावं लागलं की महिन्याभरात येणं बंद! सुरुवात मेथीने करा, २५-३० दिवसांत जुडी हातात.