पार्टटाइम कोर्स करून मेंटेनन्सवाला होता येतं का?

गुरुवारसुट्टी:
मंडळी, बरेच दिवस डोक्यात आहे म्हणून धागा काढतोय. मी भोसरीत एका छोट्या प्रेसशॉपमध्ये मेंटेनन्स बघतो. आमच्याकडे इलेक्ट्रिकलवाला वेगळा, मेकॅनिकलवाला वेगळा असली चैन नाही. कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा स्विच) चिकटला तरी तोच माणूस आणि क्लचची लायनिंग गेली तरी तोच. आणि हा माणूस येतो कुठून? हेल्पर म्हणून लागतो, कुणाच्या तरी मागे टॉर्च धरून उभा राहतो, दोनतीन वर्षांनी हातात पाना येतो, मग एक दिवस सिनियर सोडून जातो आणि सगळी लाईन याच्या गळ्यात पडते. काम येतं, पण कागदावर दहावी पास हेल्पर.

८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाच्या उद्घाटनात 'स्टेप' नावाचा अल्पमुदतीच्या कोर्सचा कार्यक्रम सुरू केला, ४०० सरकारी आयटीआय आणि १५० सरकारी तांत्रिक शाळांमधून. चांगलंय, पण ते मुख्यतः काम शोधणाऱ्या पोरांसाठी. जो आधीच रोज मशीनखाली झोपतोय त्याचं काय? एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) २०२३ पासून नोकरी करणाऱ्यांना डिप्लोमा-डिग्री सोयीच्या वेळेत करायची वाट दिली, वर्षभराचा अनुभव दाखवला की झालं. म्हणजे इंजिनियर होणाऱ्याला संध्याकाळचा वर्ग आहे आणि फिटर होणाऱ्याला निदान आमच्या आसपास तरी कुठे दिसत नाही.

माझं म्हणणं एवढंच: आयटीआयची वर्कशॉप संध्याकाळी आणि साप्ताहिक सुट्टीला उघडा, इलेक्ट्रिकल-मेकॅनिकल दोन्ही शिकवा, कारखान्यातलं काम तासांत धरा, आणि शेवटी परीक्षा तीच घ्या जी रेग्युलर पोरं देतात. (साप्ताहिक सुट्टी म्हणजे रविवारच असं धरू नका, भोसरीत ती गुरुवारी असते. सगळे क्लासवाले हेच विसरतात.)

वायरमन_कोल्हापूर:
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. इलेक्ट्रिकलला पार्टटाइम नको. विजेच्या कामाचं सरकारी परमिट असलेला वायरमन, त्याच्यावर सुपरवायझर, लायसनधारक कॉन्ट्रॅक्टर ही साखळी उगाच नाही केलेली. १९५६ च्या वीज नियमांत ४५ नंबरचा नियम हाच होता, पुढं २०१० च्या आणि आता २०२३ च्या सुरक्षा नियमांत पण तेच आलंय. आमच्याकडं सध्या तीन महिन्यांत पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) शिकवतो म्हणणारे गल्लोगल्ली झालेत. पोरगं कॉम्प्युटरवर लॅडर (पीएलसीचा प्रोग्रॅम) काढतंय, पण मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) कुठं लावायचा विचारलं की गप.

साधं उदाहरण सांगतो. ड्राइव्हचा, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या युनिटचा, मेन बंद केला, टेस्टर लावला, पेटला नाही, की हे लगेच कव्हर काढून हात घालणार. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हच्या आत डीसी बसवर ५८० च्या आसपास व्होल्ट असतात आणि मेन बंद केल्यावरही कॅपॅसिटर काही मिनिटं भरलेले राहतात. किती मिनिटं थांबायचं ते ड्राइव्हवरच लिहिलेलं असतं. अर्धवट शिकलेल्या माणसाला एवढं कळतं की सप्लाय बंद केला, म्हणून तो जास्त बेफिकीर. काहीच न येणारा निदान भितो तरी.

तिसरीपाळी:
वायरमन साहेब तुमचं बरोबर आहे पण आम्ही आत्ता काय करतोय मग? रात्री दोनला लाईन बंद पडली तर परमिटवाला झोपलेला असतो घरी, सुपरवायझर फोनवर सांगतो बघ रे काय झालंय ते आणि आम्हीच उघडतो पॅनल. कोर्स केला तर धोका वाढल म्हणता, आत्ता तर कोर्स पण नाही न परमिट पण नाही. तुमच्या नियमानं मला हात लावायला बंदी आणि कंपनीच्या नियमानं हात नाही लावला तर उद्या गेटवर बंदी.

शिल्पनिदेशक_निवृत्त:
मी वीस वर्षांहून जास्त काळ फिटर आणि पुढे मशीन टूल मेंटेनन्स शिकवलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी हिशोब बघा. २०२२ च्या सुधारित अभ्यासक्रमात इलेक्ट्रिशियनला वर्षाला ८४० तास प्रॅक्टिकल आहे, दोन वर्षांचे १६८०. आठवड्यातून एक दिवस सहा तास धरा, वर्षातले पन्नास आठवडे धरा, तर ३०० तास होतात. म्हणजे नुसतं प्रॅक्टिकल संपवायला साडेपाच वर्षं. थिअरी अजून धरलीच नाही. तेव्हा दोन-तीन वर्षांत पार्टटाइम पूर्ण करू म्हणणारा एक तर तास कापणार किंवा हजेरीपट खोटा भरणार.

आता कारखान्यातलं काम तासांत धरा म्हणता, ते ऐकायला छान आहे. पण काम करणं आणि शिकणं यात फरक आहे गुरुवारसाहेब. पाच वर्षं बेअरिंग बदलणारा माणूस बेअरिंगच बदलत असतो, ते परत परत का जातंय हे त्याला कुणी विचारायला लावत नाही, कारण लाईन चालू करायची घाई. अलाइनमेंट बघायला डायल गेज लावेपर्यंत प्रॉडक्शनवाला डोक्यावर उभा. आणि कुणाच्या तरी मागे उभं राहून शिकलेला माणूस त्याच्या सवयीपण उचलतो. ओव्हरलोड रिले (जादा करंटला मोटर बंद करणारा) ट्रिप होतोय? सेटिंग वाढव. लिमिट स्विच (भाग हद्दीला पोचला की मशीन थांबवणारा) त्रास देतोय? बायपास कर. प्रेसचं दोन हातांचं बटन (हात प्रेसखाली जाऊ नयेत म्हणून असतं ते)? एकावर टेप लाव. मोटर बंद केली तरी फ्लायव्हील फिरत असतं हे त्याला माहीत असतं, पण ते थांबेपर्यंत वाट बघायची शिस्त त्याला कुणी लावलेली नसते. मी रेग्युलर पोरांना पहिले काही आठवडे फक्त फाइल मारायला लावायचो, पोरं वैतागायची. ते वैतागणं पार्टटाइमवाल्याला परवडत नाही, तो दिवसभर काम करून आलेला असतो, त्याला आल्या आल्या पीएलसी पाहिजे.

एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो, कारण हे कारखान्यात कुणी सांगत नाही. अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला, म्हणजे आयटीआयची रेग्युलर पोरं देतात त्याच परीक्षेला, खाजगी उमेदवार म्हणून बसायची तरतूद आहे, त्या ट्रेडचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे तुम्ही जो दरवाजा मागताय तो थोडा उघडा आहेच.

गुरुवारसुट्टी:
सर, हिशोब मान्य. म्हणूनच तर म्हणतोय की सगळे १६८० तास वर्कशॉपमध्ये नकोत. जो माणूस रोज मोटरचे डीओएल आणि स्टार-डेल्टा स्टार्टर उघडतोय त्याला परत स्टार-डेल्टा जोडायला लावून त्याचे चार गुरुवार कशाला घालवायचे? पहिल्याच दिवशी चाचणी घ्या, येतंय ते सोडा, येत नाही ते शिकवा. तुम्ही सवयींचं जे लिहिलंत ना, तो तर माझ्या बाजूचा मुद्दा झाला. रिलेची सेटिंग वाढवणारा माणूस कोर्सला आला नाही तर ती सवय सुटणार कशी? तो आयुष्यभर सेटिंगच वाढवत राहणार, वर दोन हेल्परला तेच शिकवणार.

खाजगी उमेदवाराचं म्हणाल तर परीक्षेला बसता येतं, पण शिकवणार कोण? इलेक्ट्रिशियनचा पेपर आमच्या माणसाच्या डोक्यावरून जातो, ड्रॉइंग वाचता येत नाही. आणि वायरमनभाऊ, परमिट देऊ नका ना लगेच, परमिटची परीक्षा वेगळी राहू दे, मी कुठे ती काढून टाका म्हणालो?

मालक_सातपूर:
माझं छोटं मशीनशॉप आहे, अठरा माणसं. शिव्या बसणार हे माहीत आहे तरी लिहितो. पार्टटाइमला माझा पाठिंबा आहे, फीपण अर्धी भरीन. पण माणूस कोर्स करून मोठ्या कंपनीत गेला तर? गेल्यावेळी असंच झालं, शिकवला आम्ही, नेला दुसऱ्यांनी. शिवाय आठवड्याला पाळी बदलते. सेकंड शिफ्टला असला की संध्याकाळचा वर्ग बुडाला. त्याला कायम फर्स्टला ठेवला की बाकीचे विचारतात हा काय जावई आहे का.

इलेक्ट्रिकल-मेकॅनिकल एकत्र शिकवा हे मात्र शंभर टक्के बरोबर. आमच्यासारख्यांना दोन माणसं परवडत नाहीत. सिंगल फेजिंगने (तीनपैकी एक फेज गेल्याने) मोटर जळली की बेअरिंग जाम होऊन जळली हे एकाच माणसाला कळलं पाहिजे, नाहीतर इलेक्ट्रिकलवाला मेकॅनिकलवर ढकलतो आणि तो परत याच्यावर, मशीन तशीच उभी.

वायरमन_कोल्हापूर:
बघा, आलं का बाहेर. मल्टिस्किल म्हणजे दोन माणसांचं काम एका पगारात. कोर्स केल्यावर पगार किती वाढवणार ते नाही लिहिलं मालकांनी, फी अर्धी भरणार एवढंच.

मालक_सातपूर:
वाढवणारच की. पण आधी शिकू तर दे.

तिसरीपाळी:
सर, तुम्ही तीन वर्षांचा अनुभव म्हणालात तिथंच सगळं अडतंय बघा. मी एकाच कंपनीत एकाच लाईनवर सहा वर्षं आहे पण या सहा वर्षात कॉन्ट्रॅक्टर तीनदा बदलला, दर वेळी नवीन कार्ड नवीन नाव. कंपनी म्हणते तू आमचा नाहीस, पहिला कॉन्ट्रॅक्टर फोन उचलत नाही, आताचा म्हणतो माझ्याकडं तुला दीडच वर्ष झालं. अनुभवाचा दाखला कुणाच्या लेटरहेडवर आणू? आणि आणला तरी त्यावर हेल्पर लिहितात, एकदा तर हाऊसकीपिंग लिहिलं होतं. पाना हातात असताना. तुम्ही लोक पार्टटाइम चांगलं की वाईट यावर भांडताय, मला तर फॉर्मच भरता येत नाही.

सोनचाफा:
मी असेंब्ली लाईनवर आहे, मधेच बोलते. आमच्या लाईनला तीस जणी आहोत आणि मशीन थांबली की मेंटेनन्सवाला येईपर्यंत हात बांधून बसतो. सेन्सरवर धूळ बसली असते किंवा एअर प्रेशर कमी झालेलं असतं, आम्हाला दिसतं पण हात लावायची परवानगी नाही. मला हा कोर्स करायचाय. पण इथे सगळे 'संध्याकाळी वर्कशॉप उघडा' एवढं सहज लिहितायत, नऊला वर्ग सुटल्यावर एमआयडीसीतून घरी यायला बस आहे का ते कुणी विचारलं नाही. माझ्यासाठी सुट्टीचा दिवसच बरा, आणि तोही सकाळचा. निदेशक सर, साडेपाच वर्षं लागली तरी चालतील हो मला, नाहीतरी साडेपाच वर्षांनी मी याच लाईनवर असणार आहे.

शिल्पनिदेशक_निवृत्त:
ताई, तुमच्यासारखे विद्यार्थी मिळाले तर मीच शिकवायला येईन. पण एक अडचण आतली सांगतो. वर्कशॉप उघडणं सोपं आहे, शिकवायला माणूस कुठून आणणार? आत्ताच कितीतरी ठिकाणी तासिका तत्त्वावरचे निदेशक काम ओढतायत, तासाच्या हिशोबाने मानधन, आणि त्यांच्याकडून तुम्ही सुट्टीच्या दिवशी वीस जणांच्या बॅचला लाइव्ह पॅनलवर काम करायला लावणार. एका निदेशकाने वीस जणांवर नजर ठेवायची म्हणजे ज्याच्याकडे पाठ असेल तोच काहीतरी करून बसतो. त्यामुळे इलेक्ट्रिकलच्या बाबतीत माझं मत बदललेलं नाही. मेकॅनिकलचा भाग, म्हणजे पंप, गिअरबॉक्स, कपलिंग, हायड्रॉलिक्स, न्यूमॅटिक्स, हा पार्टटाइम सुरू करायला हरकत नाही. इलेक्ट्रिकल पूर्णवेळच ठेवा, किंवा सलग महिनाभर पगारी रजा देऊन पाठवा.

मालक_सातपूर:
महिनाभर पगारी रजा?? सर, माझ्याकडे मेंटेनन्सला एकच माणूस आहे.

गुरुवारसुट्टी:
अर्धंच शिकवायचं तर काय अर्थ राहिला सर, सोनचाफाताईंचा सेन्सर इलेक्ट्रिकलच आहे आणि त्याला लागणारी हवा मेकॅनिकल. बॅच वीसची नको, दहाची करा, आधी सगळं बंद पॅनलवर करा. लॉकआउट-टॅगआउट (काम संपेपर्यंत मेन स्विचला कुलूप आणि पाटी) पहिल्या दिवसापासून, कुलूप ज्याचं त्याच्या खिशात.

वायरमन_कोल्हापूर:
दहाची बॅच असंल आणि परमिटची परीक्षा वेगळीच राहणार असंल तर मी एवढा भांडणार नाही. पण तीन महिन्यांच्या सर्टिफिकेटवर कुणाला पॅनलला हात लावू दिला तर माझा विरोध कायम.

आणि तिसरीपाळी, तुझ्यासाठी एक सांगतो. पीएफ कापतात ना? मग यूएएनच्या (पीएफच्या कायम नंबरच्या) पासबुकात तिन्ही कॉन्ट्रॅक्टरची नावं आणि महिने दिसतात. तू सहा वर्षं काम केलंस हे त्यावरून तरी दिसंल. ट्रेड काय होता ते नाही दिसणार, ते आताच्या सुपरवायझरकडून लिहून घे, गोड बोलून.

तिसरीपाळी:
मधले सात महिने पीएफ भरलाच नव्हता त्या दुसऱ्यानं. बाकीचे भरले, मोबाईलवर आत्ताच बघितलं, पाचच्या वर वर्षं होतात. निदेशक सर, एवढ्यावर आयटीआयवाले फॉर्म घेतील का? आणि सुपरवायझरच्या सहीवर कंपनीचा शिक्का लागतो का, कारण शिक्का एचआरकडं असतो आणि एचआर म्हणतो तू आमचा नाहीस.