सेवानिधीतून पदवीचे शिक्षण: अग्निवीराने पैशांचे नियोजन कसे करावे?

प्रश्न: अग्निवीर, माण तालुका, जिल्हा सातारा

नमस्कार. २०२३ च्या जानेवारीत बेळगावच्या मराठा लाईट इन्फंट्री केंद्रात प्रशिक्षणाला लागलेल्या अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीत मी होतो. माझी चार वर्षे पूर्ण होण्यास आता थोडेच महिने उरले आहेत. कायम सेवेसाठी मी अर्ज करणारच आहे. पण योजनेनुसार २५ टक्क्यांपर्यंतच जवान ठेवले जाणार असल्यामुळे निवड झाली नाही तर पुढे काय, हे आताच ठरवून ठेवावे असे वाटते.

मी बारावी विज्ञान शाखेतून ७१ टक्के गुण मिळवून उत्तीर्ण झालो आणि त्यानंतर लगेच भरती झालो. मला सिव्हिल इंजिनिअरिंग शिकायचे आहे. आमच्या चौकीकडे जाणारा रस्ता पावसात वाहून गेला, तेव्हा सॅपर्सच्या, म्हणजे सैन्याच्या इंजिनिअर दलाच्या, जवानांनी लोखंडी पूल जोडून तो दोन दिवसांत चालू केला. तो पूल जोडताना मी जवळ उभा राहून पाहिला आहे आणि तेव्हापासून हा विचार मनातून गेलेला नाही.

अडचण पैशांची आहे. चार वर्षांनी बाहेर पडताना सेवानिधीचे, म्हणजे एकरकमी निधीचे, सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये मिळतील असे आम्हाला सांगितले आहे. मागच्या सुट्टीत घरी गेलो, तर अंगणात पांढरी फक्की टाकून चार खोल्यांची आखणी करून ठेवलेली होती. वडिलांनी गवंड्याला बोलावून मापे घेतली होती आणि पैसे आले की पाया खणायचा, असे ठरलेही होते. आमची जमीन कोरडवाहू आहे, घर पत्र्याचे आहे आणि वडिलांची इच्छा चुकीची नाही, त्यामुळे मी काही बोललो नाही.

गावात सगळे म्हणतात की फौजीला शिक्षणासाठी सरकारकडून पैसे मिळतात, तेव्हा सेवानिधी घराला लावायला हरकत नाही. हे कितपत खरे आहे? सैन्याकडून मिळणारी एखादी शिष्यवृत्ती मला लागू होते का? नसल्यास सेवानिधीतून फी भरावी की शैक्षणिक कर्ज काढावे? की मुक्त विद्यापीठातून बी.ए. करून स्पर्धा परीक्षांच्या मागे लागणे अधिक शहाणपणाचे ठरेल?

उत्तर: निवृत्त सुभेदार, कोरेगाव

बाळा, तुझ्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो, कारण तिच्यावर घरातला निर्णय अवलंबून आहे. गावातील मंडळी ज्या सवलतींबद्दल बोलत आहेत त्या माजी सैनिकांच्या आहेत, आणि चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही. भरतीच्या वेळी ज्या अटींवर तू सही केलीस, त्यांत पेन्शन, ग्रॅच्युइटी, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) आणि कॅन्टीन मिळणार नाही यांच्याबरोबर हेही स्पष्ट लिहिलेले आहे.

दुसरे असे की माजी सैनिकांसाठी असलेली शिक्षणाची मदतही बहुतेक त्यांच्या मुलांसाठी आणि विधवांसाठी असते. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना तशीच आहे. तीत दरवर्षी ५,५०० मुलामुलींची निवड होते आणि मुलींना दरमहा ३,००० तर मुलांना २,५०० रुपये मिळतात. माझ्या मुलीचे बी.फार्म. त्या पैशांच्या आधाराने झाले. बारावीला ६० टक्के लागतात, पहिल्या वर्षाला प्रवेश घेतल्यावरच अर्ज करता येतो आणि रक्कम वर्षातून एकदाच जमा होते, म्हणून कॉलेजची फी मला आधी पदरची भरावी लागत असे. इंजिनिअरिंगच्या प्रवेशात सैनिकांसाठी ज्या ५ टक्के जागा असतात, त्याही सैनिकांच्या आणि माजी सैनिकांच्या मुलांसाठी आहेत. स्वतः जवानासाठी नाहीत. तुझे वडील सैन्यात नव्हते, त्यामुळे यांपैकी कोणताही मार्ग तुला खुला नाही.

माझ्या वेळची गोष्ट वेगळी होती, म्हणून तिच्यावरून तू अंदाज बांधू नकोस. मी १९९० मध्ये दहावी होऊन भरती झालो आणि २०१६ मध्ये घरी आलो. येताना पदवी समकक्षतेचे प्रमाणपत्र मिळाले, आणि ते प्लास्टिकच्या पाकिटात घालून मी मोठ्या अभिमानाने एका विधी महाविद्यालयात गेलो. तिथल्या लिपिकाने ते दोनदा वाचले आणि परत केले. मॅट्रिक झालेल्या आणि १५ वर्षे सेवा केलेल्या सैनिकाला पदवीधर समजावे हा १९८६ चा आदेश गट क च्या नोकरीपुरता आहे. पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशाला तो चालत नाही, हे मला त्या खिडकीपाशी कळले. त्यानंतर मी मुक्त विद्यापीठातून बी.ए. पूर्ण केले, तेही वयाच्या पंचेचाळिशीनंतर. मला ते जमले, कारण दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पेन्शन खात्यात येत होती. तुला पेन्शन नाही. तुझ्या हातात एकच रक्कम येणार आहे आणि ती एकदाच येणार आहे.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की सेवानिधी हीच तुझी शिष्यवृत्ती आहे असे समज आणि घरच्यांनाही तसेच सांग. वडिलांशी बोलणे अवघड आहे हे मी जाणतो. सुट्टीत समोर बसून, कागदावर आकडे मांडून बोल. फोनवर हा विषय काढू नकोस.

उत्तर: राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी, सांगली

भाऊ, सुभेदार साहेबांनी दिशा दाखवलीच आहे. मी फक्त हिशेब मांडते.

तुमच्या वेतनातून पहिल्या वर्षी दरमहा ९,०००, दुसऱ्या वर्षी ९,९००, तिसऱ्या वर्षी १०,९५० आणि चौथ्या वर्षी १२,००० रुपये कापले जातात. चार वर्षांची ही कपात ५ लाख २ हजार रुपये होते. सरकार तेवढीच रक्कम घालते आणि व्याज धरून ११ लाख ७१ हजारांचा आकडा येतो. यातील एक बारकावा अनेकांच्या लक्षात येत नाही. कायम सेवेत निवड झाली, तर सरकारचा वाटा मिळत नाही; फक्त तुमचा वाटा व त्यावरील व्याज मिळते. स्वतःहून मध्येच सेवा सोडणाऱ्यालाही हेच लागू होते. म्हणजे निवड झाली तर घराच्या कामासाठी ११ लाख येणारच नाहीत, आणि निवड झाली नाही तर तेच पैसे तुमच्या शिक्षणाचे आहेत. चार खोल्यांचा पाया खणण्याआधी हे वडिलांना समजणे आवश्यक आहे.

आता खर्च पाहू. शासकीय महाविद्यालयात जागा मिळाली, आणि तुमच्या जिल्ह्यात कऱ्हाडला १९६० पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तर शुल्क खासगीच्या मानाने खूपच कमी असते. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयात वर्षाला सव्वा लाख शुल्क धरा, खोली व मेसचे महिना ७,००० प्रमाणे ८४,००० आणि पुस्तके, प्रवास व परीक्षा यांचे १६,००० धरा. वर्षाला सव्वादोन लाख आणि चार वर्षांचे ९ लाख होतात. एकही शिष्यवृत्ती मिळाली नाही तरी तुमच्या सेवानिधीत हे बसते आणि पावणेतीन लाखांच्या आसपास शिल्लक राहते. त्या शिलकीत दोन पक्क्या खोल्या होतील की नाही ते गवंडीच सांगू शकेल, पण घरासाठी काहीच उरत नाही असे मात्र नाही.

खर्च कमी करण्याचा खरा मार्ग सैन्याच्या योजनांत नसून राज्याच्या योजनांत आहे. कॅप फेरीतून, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश घेतल्यास आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असल्यास राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काच्या निम्म्या रकमेची सोय होते. तुमच्या चौथ्या वर्षाचे वेतन ४ लाख ८० हजार होते, त्यामुळे कोरडवाहू शेतीचे उत्पन्न मिळवूनही तुम्ही मर्यादेत राहाल असे दिसते. वडील अल्पभूधारक असतील, तर पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यासाठीही अर्ज करा. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतलात, तर शाहू महाराज शिष्यवृत्ती हातची जाईल, तेव्हा कोणीही ‘सीट पक्की करून देतो’ म्हणाले तरी तिकडे वळू नका. शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा येतात हे गृहीत धरूनच चाला.

कर्जाबद्दल विचारलेत म्हणून सांगते. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला स्वतःचा हिस्सा आणि तारण लागत नाही, आणि परतफेड शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होते. तरीही हातात पैसे असताना तुम्ही कर्ज घेऊ नये असे मला वाटते, कारण ठेवीवर मिळणारे व्याज कर्जाच्या व्याजापेक्षा कमीच असते. त्याऐवजी रक्कम फक्त तुमच्या नावाच्या खात्यात घ्या. पहिल्या वर्षाचा खर्च बचत खात्यात ठेवा, आणि उरलेल्या तीन वर्षांसाठी तीन वेगळ्या एफडी अशा करा की एकेक एफडी त्या त्या वर्षीच्या जूनमध्ये पूर्ण होईल, म्हणजे फी भरायच्या वेळी पैसे मोकळे होतील. शिष्यवृत्तीला उशीर झाला, तर एफडी मोडू नका, तिच्या तारणावर तात्पुरती उचल (ओव्हरड्राफ्ट) घ्या. सेवानिधी प्राप्तिकरातून मुक्त आहे, मात्र एफडीवरील व्याज करपात्र असते.

आणखी एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते. पैसे जमा झाले की पहिल्याच आठवड्यात विमा पॉलिसी गळ्यात घालणारे घरी येतील. निवृत्त जवानांची आयुष्यभराची पुंजी दहा-दहा वर्षांच्या हप्त्यांत अडकलेली मी काउंटरवर बसून पाहिली आहे. पहिले सहा महिने कुठेही सही करू नका.

उपप्रश्न: निवृत्त नायक, खटाव

सुभेदार साहेब, माझा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पंतप्रधान शिष्यवृत्तीचा अर्ज आता करता येईल का?

उत्तर: निवृत्त सुभेदार, कोरेगाव

नाही. ती पहिल्या वर्षीच मागावी लागते. मात्र हवालदार व त्याखालील हुद्द्याच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांपर्यंत, पदवीपर्यंतच्या शिक्षणासाठी दरमहा २,००० रुपयांचे अनुदान केंद्रीय सैनिक बोर्डाकडून मिळते. सातारच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात डिस्चार्ज बुक, मुलाची गुणपत्रिका आणि बँक पासबुक घेऊन जा. ऑनलाइन अर्ज कसा भरायचा ते तेथे सांगतील.

उत्तर: मुक्त शिक्षणाच्या अभ्यासकेंद्रात शिकवणारी प्राध्यापिका, फलटण

मुक्त विद्यापीठाचा पर्याय तुम्ही शेवटी विचारलात, पण त्याची तारीख सर्वांत आधी येते, म्हणून लिहिते आहे. इग्नूने, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने, अग्निवीरांसाठी तीन वर्षांची कौशल्याधारित पदवी सुरू केली आहे. तीत निम्मे श्रेयांक (क्रेडिट) तुम्ही सेवेत घेतलेल्या प्रशिक्षणाचे धरले जातात आणि उरलेले निम्मे अभ्यासक्रमातून मिळवायचे असतात. एक वर्ष पूर्ण झाल्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका आणि तीन वर्षांनी पदवी मिळते. तुमची नोंदणी झालेली आहे का, हे युनिटमधील एज्युकेशन हवालदारांना आजच विचारा. झाली असेल तर ती अर्धवट सोडू नका, आणि आतापर्यंतच्या श्रेयांकांची लेखी नोंद डिस्चार्जपूर्वी हातात घ्या. युनिट सोडल्यावर असा एक कागद मिळवण्यासाठी किती पत्रे लिहावी लागतात, हे माझ्या विद्यार्थ्यांकडून मी ऐकले आहे.

ही पदवी विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य केलेली आहे, त्यामुळे राज्यसेवा किंवा केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला ती चालते. परंतु तिच्या आधारे कोणी तुम्हाला पूल बांधायला देणार नाही. तुमच्या पत्रात मला त्या लोखंडी पुलाबद्दल जे वाचायला मिळाले, त्यावरून तुम्ही नियमित अभियांत्रिकीकडेच जावे असे मला वाटते. या बाबतीत ‘नोकरी धरा आणि बाहेरून बी.ए. करा’ हा सल्ला तुम्हाला अनेक जण देतील. तो वाईट सल्ला नाही, मात्र ज्याला नेमके काय शिकायचे आहे हे ठाऊक आहे, त्याच्यासाठी तो नाही.

त्यासाठी एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा द्यावी लागेल. नोंदणी हिवाळ्यात सुरू होते आणि परीक्षा एप्रिल-मेमध्ये होते, म्हणजे अर्ज तुम्हाला वर्दीत असतानाच भरावा लागण्याची शक्यता आहे. प्रश्नपत्रिकेत सुमारे ८० टक्के भाग बारावीचा आणि २० टक्के अकरावीचा असतो. चार वर्षांनी कलनशास्त्र पुन्हा हाती घेणे सोपे नाही, तेव्हा गणितापासून सुरुवात करा. प्रवेशाच्या वेळी शिक्षणातील खंडाबाबत प्रतिज्ञापत्र मागतात. त्याबरोबर डिस्चार्जचा दाखला जोडला की कोणी अधिक विचारत नाही.

रयत शिक्षण संस्थेच्या परंपरेतील आपल्या जिल्ह्याला ‘कमवा आणि शिका’ नवे नाही. प्रवेश मिळाल्यावर महाविद्यालयात अशी योजना आहे का ते पाहा. मेसचा थोडाफार खर्च त्यातून सुटतो.

प्रश्नकर्ता: अग्निवीर, माण

सुभेदार काका, दोन्ही ताई, आपण सर्वांनी इतका वेळ दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. कालच एज्युकेशन हवालदार साहेबांना भेटलो. इग्नूमध्ये माझी नोंदणी झालेली आहे आणि श्रेयांकांची नोंद लेखी देण्याचे त्यांनी मान्य केले आहे. अकरावी-बारावीची गणिताची पुस्तके बहिणीला पोस्टाने पाठवायला सांगितली आहेत.

वडिलांशी फोनवर काही बोललो नाही. पुढच्या महिन्यात वीस दिवसांची सुट्टी मिळाली आहे, तेव्हा ९ लाखांचा आणि पावणेतीन लाखांचा हिशेब वहीत लिहून घेऊन जातो आहे. आईला मात्र राहवले नाही म्हणून सांगितले. ती म्हणाली की पावसाने अंगणातली फक्की पुसली गेली आहे, तू आलास की पुन्हा आखू, आणि आता दोनच खोल्यांची आखू.