गर्भाशयातला पडदा काढावा का? मदत हवी आहे

मैत्रिणींनो, थ्रीडी सोनोग्राफीत माझ्या गर्भाशयात पडदा (पोकळीचे दोन भाग करणारी जन्मजात मधली भिंत) निघालाय. बाहेरून वरचा भाग सरळ आहे, म्हणून हे दोन शिंगांचं (वरून खाच पडून दुभंगलेलं) गर्भाशय नव्हे, असं डॉक्टर म्हणाल्या. दुर्बिणीतून आतल्या आत पडदा कापता येतो, पोटावर टाका नाही. तरी मन धजत नाही. माझा गर्भपात कधी झाला नाही, दिवसच राहत नाहीत. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 80 स्त्रियांवरच्या चाचणीत पडदा काढून बाळ होण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. अर्थात 80 म्हणजे फारच थोड्या. कुणी ही शस्त्रक्रिया करून घेतली आहे का? गर्भाशयाच्या भिंती आतून एकमेकींना चिकटू नयेत म्हणून नंतर काय दिलं? पुन्हा दुर्बिणीने तपासलं का? की पडदा तसाच ठेवून पुढचे उपचार घेतलेत? कृपया सविस्तर लिहा.